काचेच्या कपाटातून उतरलेलं इंजिन

मित्रांनो, आधी नीट बसा आणि हसू नका. मी एक जुनं पत्र्याचं इंजिन आहे. अंगावर दिसतोय तो गंज नाही बरं का, उन्हातान्हात रापलोय मी.

माझा जन्म लासूरच्या माळावर झाला. केरबा तिथं मेंढरं राखायचा. कडंनं रेल्वेची छोटी लाईन जायची. कोळशाची गाडी धूर सोडत आली की त्याचा पोरगा हनुमान तिच्यामागं पळत सुटायचा, आणि ती निघून गेली की भोकाड पसरायचा. मग केरबानं गोडेतेलाचा डबा कापला, बाभळीची चाकं कोरली, त्यात छत्रीच्या काड्या घातल्या, बॅटरीच्या सेलचं धुराडं बसवलं आणि पुढं सुतळी बांधली. झालो मी तयार.

काय सांगू माझा रुबाब! एकदा तर मी मेंढरांचा अख्खा कळप ओढत पैठणला नेला. मला बघून खरी गाडी लाजून रुळावरच थांबली. ड्रायव्हर खाली उतरून मला सलाम करून गेला. बरं, सलाम केला नसंल. पण गाडी थांबली होती, हे खरं. मेंढरं रुळावर आली होती म्हणून.

हनुमान मोठा झाला. वाळूजला कारखान्यात कामाला लागला, शहरात गारखेड्याला घर झालं, म्हातारा-म्हातारीही तिथंच राहायला आली. मी माळावरून निघालो तो थेट माळ्यावर गेलो. तिथं माझ्याशी कोण बोलणार? पाली आणि जुनी भांडी. आणि यंदा साफसफाई निघाली, तेव्हा रद्दीबरोबर मीही भंगारवाल्याच्या गाड्यावर. केरबा अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. मला छातीशी धरून परत आला आणि बायकोला म्हणाला, "पुतळे, आज मी व्हतो म्हणून. माझ्या माघारी ह्याचं काय?"

पुतळाबाई एरवी लई थट्टेखोर. तेव्हा मात्र तिनं पदरानं माझ्यावरची धूळ पुसली.

पुढं कळलं, की शहरातले हौशी लोक एका रविवारी आपल्या घरात मांडलेल्या खेळण्यातल्या रेल्वे सगळ्यांना बघायला खुल्या ठेवणार आहेत. पुतळाबाईनं मला पिशवीत घातलं. "चला, तुमच्या लेकराला चांगलं स्थळ बघू."

पहिल्या घरी टेबलावर एवढुशी गाडी गोल गोल फिरत होती. पुतळाबाई म्हणाली, "अवं, ही मुंगीच्या बारशाला निघाली का काय?" सगळे हसले. त्या रुळावर मला ठेवणं म्हणजे बाजेवर म्हैस बसवणं. आम्ही निघालो.

दुसरं घर नानासाहेबांचं. अख्ख्या दिवाणखान्यात डोंगर, बोगदे, पूल, लाल-हिरवे सिग्नल. नानासाहेबांनी मला दोन्ही हातांनी उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"बाबा, हे तुम्ही हातानं केलंय? मला द्या. काचेच्या कपाटात ठेवतो. खाली तुमचं नाव लिहितो."

केरबाचे डोळे भरून आले. मला मऊ फडक्यानं पुसलं, चकचकीत इंजिनांच्या रांगेत ठेवलं, वरून दिवा लावला. मी असा फुगलो म्हणून सांगू! आता भंगार नाही, पाली नाही. जन्माचं ठिकाण मिळालं.

तेवढ्यात एका लेकरानं काचेवर बोट ठेवलं. नानासाहेब मायेनंच म्हणाले, "बाळा, लांबून बघ. हा नुसता देखावा आहे." लेकरू पुढं सरकलं.

केरबानं त्या लेकराकडं बघितलं. मग म्हणाला, "साहेब, ह्यातलं एखादं कुणी खेळायला घेतं का?"

"नाही हो. मोडतील ना!"

"मग माझं माघारी द्या."

"अहो, इथं ते शंभर वर्षं टिकेल."

"टिकंल हो. पण करंल काय?"

नानासाहेबांनी मला परत दिलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला केरबाचा लई राग आला.

बाहेर पुतळाबाई म्हणाली, "सोन्यासारखं स्थळ मोडलं. आता?"

"स्टेशनवर चल. गाड्या तरी बघू."

स्टेशनवर एक गाडी आली, एक गेली. बाजूला गाठोडी घेऊन एक बाई बसली होती, रत्नमाला. परभणीची गाडी धरायची होती तिला. तिच्या लहान लेकीनं कुणाला न विचारता पिशवीतून लोंबणारी माझी सुतळी ओढली आणि मला फरफटत नेलं. खडखड, खडखड! कितीक वर्षांनी माझ्या चाकांखाली जमीन आली.

"करुणे, ठिव ते! लोकाचं हाय," आई ओरडली.

"असू दे बाई," केरबा म्हणाला. "तिचंच हाय."

"नाय वो आजोबा, मोडून टाकील ती."

"मोडू दे की."

पुतळाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग पोरीला विचारलं, "काय गं, पसंत हाय का?" पोरीनं मला पोटाशी धरलं. बस, झाली सोयरीक.

गाडी लागली. केरबानं सुतळीची गाठ पुन्हा आवळली आणि ती तिच्या मुठीत दिली. वाटलं, निघताना एकदा तरी हा माझ्याकडं बघंल. तो पोरीच्या मुठीकडंच बघत राहिला. माझ्याकडं बघितलं असतं, तर त्यानं मला परत मागितलं असतं.

आता करुणाकडं खेळून खेळून माझं एक चाक गेलंय, तिथं बाटलीचं झाकण आहे. धुराडं चेपलंय. केरबा कसा आहे, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं. खेळणं पावसात टाकू नका, मोडलं तर दुरुस्त करा. पण मोडंल म्हणून उचलून ठेवू नका. आणि ज्यानं ते आपल्या हातानं केलं, तो म्हातारा घरात असंल, तर त्याच्यासमोर खेळा.