देवावर आणि गद्दूरवर

हाडं गोठवणाऱ्या थंडीला आमच्या आइसलंडातल्या जुन्या कवनांत गद्दूर म्हणतात. मेंढपाळ ईसलेव्हुरला हा शब्द भारी लाडका. हिवाळ्याआधी जास्तीच्या मेंढ्या कापायच्या दिवसांत त्याच्याकडे गवत होतं चाळिसांपुरतं, आणि पठ्ठ्याने राखल्या ऐंशी. याला देवावर आणि गद्दूरवर सोडणं म्हणतात. हाल्बेरा, त्याची थोरली बहीण, शेजारच्या शेतावरून सुरी घेऊन आली होती. तर याने तिथल्या तिथे कवन रचलं: गद्दूरराव, यंदा आमच्या दारावरून सरळ पुढे जा! सगळे हसले. हाल्बेराही हसली आणि सुरी पुसून घरी गेली.

गद्दूर काही पुढे गेला नाही. पंचांगात उन्हाळा लागला तरी कुरणं बर्फाखाली. मे महिन्यात ईसलेव्हुर रिकामी घसरगाडी ओढत बहिणीच्या दारात आला.

"ताई, थोडं गवत दे. आठवडाभरात वितळेल."

"हे तू मार्चपासून सांगतोयस. आधी निम्म्या काप. उरलेल्यांना मी पोसते."

"अगं, गाभण आहेत सगळ्या!"

"मग कवनं ऐकव त्यांना."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण ऐंशी तोंडांना गवत घातलं असतं तर तिच्याही मेंढ्या उपाशी मेल्या असत्या. तिने कोठार उघडलं नाही. तो रिकामी गाडी घेऊन परत गेला.

दोन दिवसांनी तिला राहवेना. गवत लादून ती स्वतःच निघाली. ईसलेव्हुरच्या गोठ्यात मेंढ्यांनी भुकेपोटी एकमेकींच्या अंगावरची लोकर खाल्ली होती. त्याने सुरीला धार लावून ठेवली होती, पण एकही कापली नव्हती.

हाल्बेराने बाह्या सरसावल्या. तो डोकी धरायचा, ती कापायची. निम्म्या झाल्यावर तिने उरलेल्यांपुढे गवत टाकलं. एकीनेही तोंड लावलं नाही. एक उठायला गेली आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. हाल्बेराने तिच्या तोंडात गवत कोंबून पाहिलं. ते तसंच ओठांत अडकून राहिलं.

"ताई," ईसलेव्हुरने विचारलं, "परवा दिलं असतंस, तर खाल्लं असतं ना गं यांनी?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "परवा खाल्लं असतं."

 त्याने पुढचीचं डोकं धरलं.