वरच्या खोलीतला भाऊ

घरमालकीणबाईंची अट एकच होती: नवरा-बायको नकोत. आधीच्या जोडप्याने भांडून भांडून कपाटाची काच फोडली होती आणि बाईंचं डोकं उठवलं होतं. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाला खोली हवीच होती. परक्या देशात बायको बॅग घेऊन शेजारी उभी, आणि महिनाभर हिंडूनही कुठे डाळ शिजली नव्हती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ही माझी बहीण." झालं! बोललेला शब्द म्हणजे काही लिफ्ट नव्हे, बटण दाबून परत बोलवायला.

जिन्यातच बायकोने त्याच्या दंडाला चिमटा काढला. "आता तुला दादा म्हणू? जीभ झडेल माझी!"

"चार दिवस म्हण. दुसरी खोली मिळाली की सुटलो."

चार दिवसांचं दीड वर्ष झालं. बाई सकाळी दूध घेऊन वर यायच्या आणि दारावर टकटक करता करताच आत शिरायच्या. म्हणून तो पहाटेच पलंगावरून उठून खाली जमिनीवरच्या गादीवर येऊन पडायचा. थंडीत तर अगदी जिवावर यायचं. दार लावलं की ती त्याला 'वेडोबा' म्हणायची, पण जिन्यात आणि बाजारात दादा. बाईंना यांची भाषा येत नव्हती, तरी एवढा एक शब्द त्यांनी बरोब्बर उचलला. मग त्याही खालून ओरडू लागल्या, "दादा, जिन्यातला दिवा गेलाय बघ!"

माणूस म्हणून बाई सोनं होत्या. बायकोला विणकाम शिकवलं, ती तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसल्या. सख्खी मावशी करणार नाही इतकं केलं. अशा माणसाला आता कुठल्या तोंडाने खरं सांगायचं, म्हणून ही दोघं मूग गिळून बसली. इथेच चुकलं त्यांचं, आणि चूक साधीसुधी नव्हती.

त्याला इथे नोकरी होती, तेव्हा नवऱ्याबरोबर बायकोलाही राहायचा परवाना मिळावा, असा अर्ज त्यांनी केला होता. निकाल ऐकायला दोघं कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "नाकारलाय."

"का पण?"

"चौकशीला आमचा माणूस घरी येऊन गेला. तुम्ही भाऊ-बहीण आहात, असं घरमालकिणीने शपथेवर सांगितलंय. अंथरुणं वेगळी, आणि ही तुम्हाला हाक मारते तीही भावाची."

"अहो, लग्नाचा दाखला जोडलाय ना!"

"दाखले कोणीही करून आणतं. आडनाव काय, भावंडांचंही एकच असतं."

दोघं घरी आली तर बाई दारातच उभ्या. दोघांचे चेहरे बघून त्या म्हणाल्या, "त्या मेल्याने त्रास दिला ना? तुम्ही नसताना आला होता. नवरा-बायको आहात का म्हणून विचारत होता! मी म्हटलं, जीभ सांभाळ. इतकी सोज्वळ भावंडं मी जन्मात पाहिली नाहीत." तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही, असंही वर म्हणाल्या.

बायकोने त्यांचा हात धरला. "मावशी, आम्ही नवरा-बायको आहोत."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच तुला बाहेर काढलं."

"तुम्ही नाही हो," तो म्हणाला, "मी." त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतला कोट घालून त्यांच्याबरोबर कचेरीत गेल्या आणि तावातावाने सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कारकुनाने विचारलं, "मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"तेव्हाही खरंच बोलले. आताही खरंच बोलतेय."

कारकुनाला त्यातलं काही पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणालाच पटलं नसतं. बायकोने महिनाअखेर देश सोडायचा, नवा अर्ज तिकडून करायचा, त्याला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

विमानतळावर बाईही आल्या होत्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. त्याने तिला जवळ घेतलं, पण बाईंसमोर लांब उभं राहायची सवय इतकी अंगात मुरली होती की दोघंही अवघडली. डोक्यावरून हात फिरवून त्याने तिला सोडलं. एखादा भाऊ सोडतो तसंच.

काचेच्या दाराशी पोचल्यावर ती थांबली आणि वळली. तिच्या ओठांवर 'वेडोबा' आलेलं त्याला लांबून दिसलं. पण बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या, आणि दीड वर्ष वळण लागलेली जीभ तिचं थोडीच ऐकणार.

"दादा!" तिने हाक मारली. "आता खाली झोपू नकोस हं. पलंगावर झोप."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. त्याने हात वर केला आणि रोजच्यासारखी ओ दिली.