त्रेचाळिसावी खोली

बाईंनी पटावरचा पुठ्ठा सरकवला आणि दोन वाटा उघड्या केल्या.

"डावीकडची वाट खाली उतरते. भिंती ओल्या आहेत. आतून गार वारा येतोय, आणि कुणीतरी दिवा लावून बसल्यासारखा उजेड दिसतोय. उजवीकडे साधा बोळ."

चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंनी खेळासाठी दीडशे खोल्यांचं भुयार वर्षभर खपून आखलं होतं. राक्षस, सापळे, खजिने, कशाची म्हणून कमी नव्हती. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव अडकला होता डावीकडच्या त्रेचाळिसाव्या खोलीत. तिथली दगडी राणी, आपल्या जोडीदारणीचं श्रेय लाटल्याबद्दल, माफी मागणार होती. तिचं ते बोलणं बाईंनी अकरा वेळा खोडून लिहिलं होतं.

जिची माफी मागायची ती समोरच बसली होती. कुलपं दुरुस्त करते म्हणून सगळे तिला किल्लीवाली म्हणत. पहिलं भुयार दोघींनी मिळून रचलेलं, त्यातले सापळे सगळे तिचे. त्याचं पुस्तक छापून आलं ते एकट्या बाईंच्या नावावर. आणखी कुणाचं नाव घालायचं का, असं प्रकाशकाने विचारलं होतं, पण बाई मूग गिळून बसल्या. मग तीन वर्षं अबोला. आज बाईंच्या दिराने नाकदुऱ्या काढून तिला खेळायला आणलं होतं.

"डावीकडे जाऊ या," दीर म्हणाला.

"नको. उजवीकडे," किल्लीवाली म्हणाली.

"बरं. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

खेळ चालवणाऱ्याने वाट सुचवायची नसते. बाईंनी ओठ घट्ट मिटले. किल्लीवालीने आपली सोंगटी उचलून उजवीकडच्या बोळात ठेवली. आता ती खोली मागेच राहणार होती. बाईंना एकदम रडू आलं.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "पुस्तकावर तुझंही नाव हवं होतं. मला विचारलं होतं त्यांनी. मी मुद्दाम गप्प बसले."

दीर चहा टाकायला म्हणून उठून गेला.

किल्लीवालीने पटावरच्या डाव्या वाटेवर बोट ठेवलं.

"डावीकडे काय असणार ते कळलं होतं मला," ती म्हणाली. "काही लपवलंस की तू वर्णन लांबवतेस. जुनी खोड."

"मग गेली का नाहीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."