फोडायचा दिवस

ताईने भट्टीच्या तोंडाची पहिली वीट काढली आणि आतली ऊब तिच्या चेहऱ्यावर आली. वीट तिने बाजूला ठेवली, पण आत डोकावली नाही. मागे उभ्या असलेल्या मुलांनी मात्र माना उंच केल्या.

"दिसतोय का?"

"नुसता अंधार दिसतोय."

"अंधार नाही रे, रांजणाचं पोट आहे ते!"

"ढकलू नका," ताई म्हणाली. "भट्टी अजून पुरती निवलेली नाही. तिला घाई आवडत नाही."

"तुम्हालापण नाही आवडत," मागून कोणीतरी पुटपुटले, आणि सगळे खुसुखुसू हसले.

वर्षाचा शेवटचा दिवस होता. शेडच्या एका बाजूला दोन चाके आणि मातीचा हौद होता, दुसऱ्या बाजूच्या फळ्यांवर वाडगे, कुंड्या आणि सुरया वाळत होत्या. मधल्या मोकळ्या जागेत दर शनिवारी ही मुले बसून मातीकाम शिकत. आज शनिवार नव्हता, पण फोडायचा दिवस होता आणि तो कोणी चुकवत नसे. प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर ताईचे वडील बसले होते. काठी मांडीवर आडवी, दोन्ही हात काठीवर. हात असे ठेवले की त्यांची थरथर कमी दिसते, हे त्यांना ठाऊक होते. ही थरथर सुरू झाल्यापासून त्यांनी मातीत हात घातला नव्हता. चाक ताईकडे आले होते, भट्टीही.

"वीट काढायची की तिची पूजा करायची?" ते म्हणाले. "काढ की पुढची."

ताईने दुसरी काढली. मग तिसरी.

बाबांनी घडवलेले रांजण गावातल्या कितीतरी अंगणांत पाणी गार करीत उभे होते. ताईचा एकही नव्हता. लहान भांडी तिच्या हातून सुरेख उतरत, पण रांजण भट्टीत गेला की त्याला तडा जाई. बाबा आणि त्यांचे वडील रांजणाच्या मातीत नदीची जाड वाळू मिसळत. तो काठ आता धरणाच्या पाण्याखाली होता. विकतच्या वाळूवर ताईने तीन वर्षे प्रयत्न केला आणि तिन्ही वर्षे शेवटच्या दिवशी, मुलांच्या देखत, आपला रांजण फोडायच्या दगडावर नेऊन फोडला. "रांजण भाजेल तो कुंभार, बाकी सगळे खेळणीवाले," असे बाबा पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. अलीकडे त्यांनी ते म्हणणे सोडून दिले होते. ताईला तेच जास्त लागत होते.

महिन्यापूर्वी यंदाचा रांजण घडवून उरलेल्या मातीचा गोळा तिने लाटून सपाट केला आणि काडीने त्यावर ठसठशीत अक्षरे कोरली. भट्टी विकणे आहे. बाजारपेठेतल्या फरश्यांच्या दुकानात तिची नोकरी पक्की झाली होती. नव्या वर्षापासून या, असे मालक म्हणाले होते. रांजण टिकला तर त्यांना नकार कळवायचा, फुटला तर पाटी फाटकावर लावायची, एवढे तिने मनाशी ठरवले.

बाबा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाटी वाचली. ताई थांबली. आता ते ओरडतील, निदान खाकरतील तरी.

"वर दोन भोकं पाड," ते म्हणाले. "नाहीतर खिळ्याला अडकवशील कशी?"

आणि ते आत गेले. ताईने भोके पाडली. भट्टी भरताना पाटी तिने रांजणाच्या पायाशी उभी केली. एकाच आगीत दोन्ही.

मुलांना यातले काही माहीत नव्हते. त्यांच्यातली एक मुलगी प्रत्येक नियमावर वाद घालत असल्यामुळे तिला सगळे वकील म्हणत. तिला मात्र कुणकुण लागली होती.

"ताई, पुढच्या शनिवारी वर्ग आहे ना?" सकाळपासून तिने हे बऱ्याचदा विचारले होते.

"बघू."

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू."

शेवटची वीट निघाली. ताई वाकून आत शिरली. आतून तिचा श्वास ऐकू येत होता आणि तळव्याचा खरखर आवाज, रांजणाच्या अंगावरून सावकाश फिरणारा. मग गोणपाटावर काहीतरी जड सरकले. ती पाठमोरी बाहेर येऊ लागली, रांजण इंच इंच ओढत, आणि तो उजेडात आला.

तांबूस, पोटाशी थोडा काळवंडलेला, वकीलच्या खांद्याएवढा उंच. कुठेही भेग नव्हती.

"आख्खा आहे!" सगळ्यांत लहान मुलगा ओरडला आणि त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

ताईने पाटीही बाहेर काढली होती. तिलाही साधा ओरखडा नव्हता. अक्षरे भिंतीकडे करून ती तिने कोपऱ्यात ठेवली.

"वाजव," बाबा म्हणाले.

तिने बोटाचे पेर मारले. टण्ण.

"खाली. बुडाशी."

टण्ण.

मुलांनी आरडाओरडा सुरू केला, पण बाबांनी काठी उचलली. "गप्प. वाजला तर मागच्या वर्षीचाही होता. पाणी भरा."

ताईने मुलांकडे पाहिले. तिचा आवाज वर्गातला झाला, संथ आणि स्पष्ट. "ऐका. आता ह्यात पाणी भरायचं. नवा रांजण थोडा पाझरतो, ते चांगलंच असतं. सगळ्या अंगाला सारखा घाम फुटला की समजायचं, जमलं. पण एकाच जागी ओली रेघ उमटली तर आत तडा आहे."

"मागच्या वर्षी रेघ आली होती," वकील म्हणाली.

"आली होती."

नळापासून रांजणापर्यंत रांग लागली. तांबे, मग, डबे या हातातून त्या हातात जाऊ लागले. अर्धे पाणी चपलांवर सांडले. रांजण भरायला त्यामुळे बराच वेळ लागला. काठोकाठ भरल्यावर सगळे उकिडवे बसून त्याच्याकडे बघू लागले.

"असं टक लावून बघितलं तर त्याला लाजच वाटेल," बाबा म्हणाले. "वेळ लागेल. तोवर आपापली फोडून घ्या."

अंगणात एक चपटा काळा दगड होता. रीत सोपी होती. वर्षभरातले आपले सगळ्यांत वाईट भांडे त्यावर ठेवायचे, काय चुकले ते एका वाक्यात सांगायचे आणि हातोडी मारायची. कोणी हसायचे नाही. म्हणजे हसायचे, पण फोडून झाल्यावर. शिकवणाऱ्यालाही सूट नव्हती.

"ह्याचा कान मी भांडं वाळल्यावर चिकटवला," पहिली मुलगी म्हणाली. फट्.

"मी घाई केली. मधे भिंत पातळ झाली." फट्.

सगळ्यांत लहान मुलाने फडके सोडून वाडगा दगडावर ठेवला. "माझं काहीच चुकलं नाही. ओला असताना दादाने बोट घातलं."

"ओला असताना दादाला दाखवायला कोणी नेला?" ताईने विचारले.

मुलाने विचार केला. "मी नेला," तो म्हणाला आणि त्याने हातोडी दोन्ही हातांनी उचलली.

वकील आपली बरणी छातीशी धरून उभी होती. "माझी फोडण्यासारखी नाहीये. झाकण बसत नाही असं कोणी म्हणेल, पण ते बसतं."

"मग?"

"फक्त निघत नाही."

आता मात्र रीत मोडली आणि सगळे आधीच हसले. वकीलने झाकण ओढून पाहिले, फिरवून पाहिले, बाबांकडे दाद मागितली. त्यांनी हात वर केले. शेवटी तिने बरणी दगडावर ठेवली. "झाकण आणि बरणी एकत्र वाळवली नाहीत. माप चुकलं, आणि भाजल्यावर मी ते ठोकून बसवलं, तर जाम बसलं." फट्. "आत माझा खोडरबर होता," तिने वाकून तो उचलला आणि खिशात टाकला.

खापरांचा ढीग झाला. मागच्या वर्षीही असाच झाला होता आणि वकीलने तेव्हाच विचारले होते, आता ह्यांचं काय? मागे टाकायची, ताई म्हणाली होती. म्हणजे वर्षभर चुका करायच्या आणि मागे फेकून द्यायच्या, मग उपयोग काय? ती खापरे मग ताईने फेकली नाहीत. कुटून, चाळून त्यांची भुकटी केली आणि वाळूच्या जागी रांजणाच्या मातीत मिसळली. "खापरं घालतेस मातीत?" बाबा म्हणाले होते. "लोक धान्यातले खडे वेचतात, तू पेरतेस." मुलांना तिने समजावून सांगितले होते: कच्ची माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्या ओढीनेच तडा जातो. भाजलेली भुकटी एकदा आगीतून जाऊन आलेली असते. ती आता आकसत नाही. मातीला आतून धरून ठेवते.

"म्हणजे आमच्या शेजारच्या आजींसारखी," कोणीतरी म्हणाले होते. "त्यांना कशाचंच काही वाटत नाही."

"ताई!" लहान मुलगा रांजणाजवळून ओरडला. "ताई, इकडे!"

सगळे धावले. ताई शेवटी पोचली, चालत. रांजणाचा रंग बदलला होता. तांबूस अंग गडद झाले होते, गळ्यापासून बुडापर्यंत, सगळीकडे. बारीक बारीक थेंब वर येत होते. ताई गुडघ्यांवर बसली. तिने पूर्ण फेरी मारली, रांगत, एक हात रांजणावरून न उचलता. मुले तिच्या वाटेतून बाजूला होत गेली.

"रेघ?" बाबांनी स्टुलावरूनच विचारले.

"नाही."

"नीट बघ."

"नाही बाबा. घाम फुटलाय. सगळीकडून सारखा."

मग जो गोंधळ झाला तो थांबवायला बाबांची काठीसुद्धा कमी पडली. मुले रांजणाभोवती नाचली, रिकामे डबे बडवले, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवले. "माझी वाटी ह्यात आहे!" "माझा हत्ती आहे! मागच्या वर्षीचा सोंड तुटलेला!" "माझं तर सगळ्यात जास्त आहे, मी तीन फोडली होती!" प्रत्येक जण रांजणाच्या पोटावर बोट ठेवून आपली जागा दाखवू लागला. ताई जमिनीवर बसून होती. तिचे हात कोपरापर्यंत ओले झाले होते आणि ती हसत होती, तोंड झाकायचेही विसरून.

"एक मिनिट," वकील म्हणाली. "ताई, तुमचं राहिलं."

"काय?"

"फोडायचं. दर वर्षी तुम्ही रांजण फोडता. यंदा काय?"

"यंदा माझ्याकडे फोडायला काही नाही गं."

"नियम म्हणजे नियम. शिकवणाऱ्यालाही सूट नाही."

काठीची टकटक ऐकू आली. बाबा स्टुलावरून उठले होते. ते कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड केलेली पाटी काखेत धरली आणि सावकाश अंगणात येऊन ती दगडावर ठेवली. अक्षरे वर.

मुलांनी वाचली. कोणी मोठ्याने, कोणी ओठांतल्या ओठांत. लहान मुलाने 'विकणे' शब्द दोनदा वाचला.

"ही कोणी बनवली?" बाबांनी विचारले.

"मी."

"काय चुकलं? एका वाक्यात."

ताईने हातोडी घेतली. पाटीकडे पाहिले, मग रांजणाकडे.

"घाई केली."

"ते मी आधीच सांगितलंय!" पातळ भिंतवाला मुलगा म्हणाला.

"दोघांची चूक एक असू शकते," बाबा म्हणाले. "हाण."

तिने हातोडी मारली. पाटीला काही झाले नाही. हातोडीच उडाली.

"भाजणी उत्तम झालीय," बाबा म्हणाले. चाक तिच्याकडे आल्यापासून त्यांनी तिच्या एखाद्या वस्तूला उत्तम म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. ताईने वळून पाहिले. ते रांजणाकडे बघत होते.

दुसरा घाव तिने नेम धरून घातला. पाटीचे तुकडे उडाले, एक थेट वकीलच्या पायाशी. तिने तो उचलून ढिगावर टाकला.

"म्हणजे शनिवारी वर्ग आहे," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"आहे. आणि एप्रन धुऊन आणा सगळ्यांनी. मागच्या खेपेला त्यांवर रोपं उगवायची बाकी होती."

मुले आपापली फडकी गोळा करू लागली. ताई खापरे टोपलीत भरायला वाकली, तेव्हा टोपली तिच्या आधीच कोणीतरी ओढली. बाबांनी स्टूल दगडापाशी आणले होते. काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली, बत्ता हातात घेतला आणि पाटीचा एक तुकडा समोर ओढला, वरच्या भोकाचा. त्यांचे हात थरथरत होते. कुटायला थरथर आड येत नव्हती.

"मुलांनो, थांबा थोडं," ते मान वर न करता म्हणाले. "हे कसं कुटायचं ते बघून जा. पुढच्या वर्षीचा रांजण ह्याच्यापेक्षा मोठा करायचाय."