तांबड्या फुलांचे गवत

वेर्बोवा गावातील दोन शेजाऱ्यांची हकीकत प्रस्तुत लेखकाने रांगेत उभे राहून प्रत्यक्ष पाहिली. ती येथे यथामती निवेदन करीत आहे.

अंगातला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मापनगाडीतल्या शिसे भरलेल्या खुर्चीत उल्याना बसली आणि तिने श्वास रोखून धरला.

"काकू, श्वास घ्या. नुसतं हलू नका," यंत्रापाशी बसलेली रेजिना म्हणाली.

अणुभट्टीच्या स्फोटाला कित्येक वर्षे लोटली होती. तरी दलदलीच्या कुरणातले विष गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून माणसाच्या अंगात उतरतच होते. गतवर्षी उल्यानाचा आकडा चौऱ्याण्णव आला होता. लाल रेघ सत्तरावर. यंदाही ती ओलांडली तर गाय विकायची, घराला कुलूप ठोकायचे आणि आईला शहरात सातव्या मजल्यावर न्यायचे, असे तिच्या मुलाने निक्षून सांगितले होते. त्या धास्तीने तिने सर्वांत जास्त विष शोषणारी रानातली अळंबी सोडली. दूध मात्र सुटले नाही. घरी गाय पोसून दूध दुकानातले प्यायचे, हे तिच्या मनाला पटेना.

तीन मिनिटांनी रेजिनाने आकडा वाचला. एकवीस.

उल्यानाने डोईचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. ती दाराशी जोडे चढवू लागली, तोच शेजारचा लावरेन खुर्चीत जाऊन बसला. हा विधुर सामूहिक शेतावर ट्रॅक्टर चालवून निवृत्त झालेला. म्हणून तिथल्या स्वच्छ रानातले गवत त्याच्या गाईच्या वाट्याला येई, आणि त्याचा आकडा कधी तेविसापुढे गेला नव्हता. उल्यानाच्या गाईला दलदलीचे गवत. उल्यानाचा खुबा मोडल्यापासून दोन्हीकडचे गवत तोच कापी, तोच वाळवी आणि तोच रची.

लावरेनचा आकडा एक्क्याण्णव आला.

रेजिनाने दचकून विचारले, अळंबी खाल्लीत का?

"टोपलीभर," तो म्हणाला. "बरंच झालं. थडग्यावर दिवा लावायला नको, मीच उजळेन."

रांगेतले लोक हसले. उल्याना हसली नाही. अळंबीने लावरेनचे पित्त उसळते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. आणि यंदाच्या हिवाळ्यात तिच्या गाईपुढच्या गवतात वाळलेली तांबडी फुले सापडत होती. दलदलीत ती फुले उगवत नाहीत; ती सामूहिक शेतावरच्या रानातली. यंदाचे साल चांगले, एवढेच ती तेव्हा मनाशी म्हणाली होती.

एक जोडा हातातच राहिला.

"रेजिना, दोन गाईंचं दूध एका हंड्यात ओतलं आणि दोघांनी प्यालं, तर आकडे कुठे येतील गं?"

"मधोमध. छप्पन्नच्या आसपास."

"म्हणजे रेघेच्या खाली?"

"खालीच. पण काकू, तुमचा एकवीस आलाय. वाढवायचा कशाला?"

उल्यानाने हातातला जोडा पायात चढवला. लावरेन खुर्चीतून उठून टोपी चाचपत होता. त्याच्याकडे न पाहताच ती म्हणाली,

"उद्या धार काढलीस की बादली माझ्याकडे आण. उशीर करू नकोस. मोठा हंडा घासून ठेवते."

वाचकांनी आपला वेळ दिला, त्याबद्दल हात जोडून आभार. आपला नम्र, पिलिप कारानेविच, निवृत्त टपालवाला, वेर्बोवा.