ठामरावांचं पत्र

आमच्या साहेबांना सगळं ऑफिस ठामराव म्हणायचं. पाठीमागे, अर्थात! इंग्रजी पत्रात ‘नकार देण्याचं ठरवलं आहे’ एवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. “नुसतं डिसायडेड? मिळमिळीत! फर्मली लिहा, फायनली लिहा.” ठामपणे आणि कायमचं. साधा नकार आला तर माणूस पुन्हा अर्ज करायचा, कधी काम होऊनही जायचं. फर्मली आलं की फाइल बंद. आमच्याकडे रीतच तशी.

पत्रं टाइप करते मी, अकरा वर्षं. माझ्या रजेचा नकारही मीच टाइप केलाय, बोला आता! आई शेवटच्या घटका मोजत होती, आठ दिवस मागितले होते. ठामराव खुर्चीत रेलून सांगत गेले, मी बडवत गेले. फर्मली. फायनली. शेवटी न राहवून पदरचा एक शब्द घातला, रिग्रेटफुली. खेदाने. निदान कागदाला तरी वाईट वाटू दे! त्यांनी खिशातलं लाल पेन काढून तो खोडला. “खेद कसला? काढा.”

चौथ्या दिवशी आई गेली. सारखी दाराकडे बघत होती, ताई म्हणाली. तो खोडलेला कागद माझ्या कपाटात आहे.

परवा ठामरावांचाच अर्ज आला. महिन्याभरात निवृत्त होतायत, दोन वर्षं वाढवून हवीत, नाहीतर ऑफिसने दिलेलं घर जाणार. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तो माझ्याकडे सरकवला. “नाही म्हणून कळवा. शब्द तुम्ही बघा.”

दुपारी स्वारी माझ्या टेबलाशी हजर. मी बसलेली, ते उभे.

“बाई, जरा सौम्य लिहा हं. म्हणजे पुन्हा अर्ज करता येईल. सुनेला दिवस गेलेत हो, या वयात कुठे घर शोधू?”

“लिहिते की.”

त्यांच्यादेखत लिहिलं. फर्मली. त्यांचा चेहरा पडला. फायनली. त्यांनी टेबलाची कड धरली. मग रिग्रेटफुली लिहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. “निदान एवढं तरी ठेवलंत. खेद आहे म्हणजे काही आशा आहे.”

मी कागद छापून घेतला. “साहेब, तुमचं पेन द्या जरा.”

त्यांनी दिलं. मी तो शब्द खोडला, सावकाश, त्यांच्यासारखीच रेघ मारून.

“स्वच्छ प्रत सहीला जाईल. ही तुम्ही ठेवा,” मी म्हटलं. “माझी मीही ठेवलीय.”