सोनपंखीची ओटी

सोनपंखी राजकन्या तारेला लटकून आभाळात जायची, आणि दर वेळी मला त्या नाटक कंपनीच्या मालकाचे कान उपटावेसे वाटायचे. एवढ्या विजा, एवढी गाणी, एवढा धूर, आणि त्यात एक साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये? पोरगी कायमची चालली आहे आणि तिची ओटी रिकामी!

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात कामाला होते, आणि मागच्या गल्लीत साळूबाईंच्या घरात आम्ही एक खोली घेऊन राहत होतो. साळूबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. जिभेनं तिखट, पण नाटकाचं नाव काढलं की लगेच विरघळायच्या. त्या हिवाळ्यात आमखास मैदानावर नाशिककडच्या एका कंपनीचा तंबू पडला आणि त्यांच्या 'सोनपंखी'नं सगळं शहर वेडं करून सोडलं. टांगेवाले त्यातली गाणी म्हणत. गुलमंडीवर सोनपंखी लुगडं निघालं. ते आमच्या ह्यांच्या मालकानंच काढलं होतं. लुगडं जुनंच, नाव तेवढं नवं.

बायकांसाठी कंपनीनं दुपारचा वेगळा खेळ ठेवला होता. तिथं पुरुष प्रेक्षकाला मज्जाव. गंमत अशी, की रंगमंचावर सगळे पुरुषच. राजकन्या पुरुष, राणी पुरुष, दासीसुद्धा पुरुष. पुरुषांची नजर नको म्हणून आम्ही वेगळ्या बसायचो आणि दुपारभर लुगडी नेसलेल्या पुरुषांकडे टक लावून बघायचो. राजकन्येचं काम बन्सी नावाचा नट करायचा. राणीचं काम खुद्द कंपनीचे मालक काकासाहेब करायचे, साठीला आलेले, पण नाकात नथ घातली की कुणाचीही आई शोभतील असे.

गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कळेल. एक जादूगार राणीला शाप देऊन दगड करून टाकतो. उःशाप एकच: तिची एकुलती एक लेक सोनपंखी हिनं कायमचं आभाळातल्या पक्ष्यांच्या राज्यात निघून जायचं. ती दिसेनाशी झाली की मगच आई जिवंत होणार. म्हणजे दोघींची गाठ पडायची सोयच लिहिणाऱ्यानं ठेवली नव्हती. शेवटच्या अंकात महालाच्या अंगणात राणी कोपऱ्यात राखाडी कापड पांघरून दगडासारखी उभी. सोनपंखी तिला मिठी मारते, गाणं म्हणते, अंगणाच्या मधोमध येते. वरून तार खाली येते, गंधकाचा धूर होतो आणि बेगडीचे पंख हलवत ती वर जाते. मग आईच्या अंगावरचं कापड गळून पडतं. ती जिवंत होते, रिकाम्या अंगणात धावत येते, वर बघते आणि हाक मारते, "थांब गं पोरी, थांब!" आणि पडदा पडतो.

बाकीच्या बायका सोनपंखी उडाली की डोळ्यांना पदर लावायच्या. माझं रडू त्या हाकेला फुटायचं. ते असं फुटायचं की पहिल्या खेपेला साळूबाई घाबरल्याच.

"अगं मनकर्णे, नाटक हाय ते," त्या म्हणाल्या. "तो बन्सी मागं बसून बिडी ओढत आसंल आता."

ते मला कळत नव्हतं थोडंच? पण मी रडायचे ते बन्सीसाठी नाही.

माझं माहेर बिडकीनजवळचं. रझाकारांच्या धामधुमीत वयात आलेली लेक घरात ठेवायला वडील घाबरत होते. गोदावरीपलीकडे, शेवगावच्या बाजूला, निजामाचा अंमल नव्हता. तिकडे मावशीनं स्थळ बघून ठेवलं होतं. लग्नही तिकडेच लावायचं ठरलं. आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आई मागं राहणार होती. ऐन निघायच्या वेळी ती ओटीचं सामान आणायला घरात गेली आणि तेवढ्यात कुणीतरी पळत सांगत आलं, की शेजारच्या गावात रझाकार शिरलेत. वडिलांनी बैलांवर चाबूक ओढला. आई खण-नारळ घेऊन गाडीमागं धावली. "थांबा वो! लेकराची ओटी राहिली! थांबा!" ओढ्यापर्यंत धावली. वडील थांबले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही. पण ओढ्याच्या वळणावर आई दिसेनाशी झाली ती कायमचीच. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले आणि मी माहेरी गेले, तेव्हा खुंटीवर तिचं लुगडं तेवढं होतं.

पुढे भावजयीनं माझी ओटी भरली, प्रत्येक खेपेला भरली. तिच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. पण आईनं आणलेला तो खण आणि तो नारळ माझ्या पदरात पडायचा राहिला, तो राहिलाच. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक म्हणणार, बाकी सगळं नीट झालं ना, मग एका नारळाचं काय घेऊन बसलीस?

म्हणून मी त्या नाटकाला जात राहिले. दुपारचा खेळ असला की सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. भाकरी करपायची, ह्यांच्या डब्यात मीठ विसरायचं. तंबूत बसले की पहिल्या अंकापासून मी त्या हाकेची वाट बघायचे, आणि ती आली की नको व्हायचं. आई हाक मारणार आणि वर कुणीच नसणार, हे दर वेळी तसंच. तरी दर वेळी मला वाटायचं, आज ती जरा लवकर जागी होईल.

मग तंबूवर पाटी लागली, की आता शेवटचा खेळ. कंपनी जालन्याला निघाली होती.

त्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हणाले, "अहो, दुकानातून एक खण आणून द्या. हिरवा. चांगल्या काठाचा."

"कोणाला?"

"एका सासुरवाशिणीची ओटी भरायचीय."

"कोण गं? आपल्या गल्लीतली?"

"नाही. लांब चाललीय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नाटकाचं वेड त्यांना माहीत होतं. दुपारच्या आत खण घेऊन आले, आणि खरंच चांगल्या काठाचा आणला.

मी पिशवीत नारळ, खण, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक आणि कुंकवाचा करंडा घातला. तंबूच्या दारावर फकिरा उभा असायचा, आमच्याच शहरातला, कंपनीनं चार दिवसांसाठी ठेवलेला. त्यानं पिशवी चाचपली.

"ओ बाई, ये नारळ कायकू? नट को फेकनेका नाय हां!"

"देवाचाय," मी म्हणाले. तो बाजूला झाला.

नक्की काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. खेळ संपला की मागं जाऊन बन्सीच्या हातात पिशवी द्यावी, एवढंच मनात होतं. पण शेवटचा अंक आला. सोनपंखीनं दगडाच्या आईला मिठी मारली आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. दुपारचं ऊन कनातीतून आत येत होतं, त्यामुळे तार स्पष्ट दिसत होती. आकडा तिच्या कमरेला अडकला. आता ही जाणार, आणि मागाहून ती बिचारी हाक मारत बसणार. माझ्याच्यानं बसवेना. मी उठले आणि पेटीवाल्याच्या बाजूनं थेट फळ्यांच्या पायऱ्या चढून रंगमंचावर गेले.

"अगं ए, कुठं चाललीस?" साळूबाई मागून ओरडल्या.

"ओ बाई, उधर नको जाऊ! खेल चालूय!" दारावरून फकिरा ओरडला.

"थांबा जरा," मी वर बघून म्हणाले, कारण तार ओढणारे कुठंतरी वरच असणार. "ओढू नका. पोरीची ओटी भरायची राहिलीय."

सगळा तंबू हसला. कुणीतरी ओरडलं, "बस की खाली, दिसत नाय आमाला!" माझे कान तापले. मी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात साळूबाई उभ्या राहिल्या.

"का बसंल ती? खरं तेच बोलतीय! आईचा दगड झाला म्हून लेकीला रिकाम्या ओटीनं लावून द्यायचं व्हय? लई शाने तुमी नाटकवाले!"

हसणं थांबलं. मग एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाई, भरू द्या." आणि मग सगळीकडून एकच गलका, भरू द्या, भरू द्या. पेटी बंद पडली.

बन्सी चवड्यांवर उभा होता, अर्धा जमिनीवर आणि अर्धा तारेवर. त्यानं बोटानं वर खूण केली, तशी तार सैल झाली. नट तो नटच. राजकन्येच्या गोड आवाजात म्हणाला, "कोण आपण, माते?"

"शेजारीण," मी म्हणाले. "आई दगड झाली तर शेजारणीनं भरायची असती."

तो खाली बसला आणि त्यानं पदर पसरला. मी त्याला हळद-कुंकू लावलं. पावडरीखाली दाढीचे खुंट दिसत होते आणि घामानं रंग ओघळला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. खण घातला, नारळ घातला. गहू घालताना निम्मे खालीच सांडले.

"सांगून तरी यायचं, बाई," तो आपल्या पुरुषी आवाजात हळूच म्हणाला. "लेकीची राहिली होती का तुमच्या?"

"नाय. माझीच."

"मग भरणारी?"

"गाडीच्या मागं पळत आली होती खण-नारळ घेऊन. गाडी थांबली नाय. नंतर ती गेली."

बन्सीनं ओटीतले पाच दाणे रीतीप्रमाणे माझ्या हातात परत ठेवले. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मग तो उठला आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की पंखांच्या दोऱ्या हातांना बांधलेल्या. ओटी सांभाळत त्याला उडता येणार नव्हतं.

तो पुन्हा राजकन्या झाला. "हे माहेर मला आभाळात नेता यायचं नाही," मोठ्यानं म्हणाला. "माझ्या आईच्या पायाशी ठेवून जाते." आणि खण, नारळ, सगळं दगडाच्या पायाशी ठेवून आला. दगडाच्या अंगावरचं राखाडी कापड थोडं हललं, पण तेव्हा मला ते वाऱ्यानं वाटलं. तो दगड आमच्यापासून चार पावलांवर होता, हळू बोललेलंही ऐकू जाईल इतका जवळ.

पेटी सुरू झाली. तार ताणली. मी खाली उतरायला निघाले, पण गंधकाचा धूर डोळ्यांत गेला आणि पायऱ्या सापडेनात. अंगणाच्या कडेला तशीच उभी राहिले. सोनपंखी वर गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं काम झालं होतं, आता पोरगी भरल्या ओटीची होती. तरी मला काही सुटल्यासारखं वाटेना. ओटी मी भरली होती, माझी अजून तशीच रिकामी होती.

कापड गळून पडलं. आई जिवंत झाली.

एरवी ती जागी झाली की सरळ अंगणाच्या मधोमध धावायची. आज वाकली. पायाशी ठेवलेला खण उचलला, नारळ उचलला, उरलेले गहू ओंजळीत गोळा केले. सगळं पदरात घेऊन ती धावत निघाली, आणि तिनं वर बघितलंच नाही. म्हाताऱ्या काकासाहेबांना धाप लागली होती, नथ एका बाजूला लोंबत होती, आणि ते नेमके माझ्याकडे बघत होते.

"थांब गं पोरी, थांब!"

ओढ्यापलीकडे गाडी निघून गेल्यावरही आई अशीच धावत राहिली असेल. किती लांबपर्यंत, ते मला कधीच कळलं नव्हतं. आज ती पोचली.

मी थांबले. तंबूतल्या सगळ्या बायकांसमोर मी तिथंच खाली बसले आणि पदर पसरला.